न शिजवलेली खिचडी

रविवार, माघ महिना, दुपारच्या जेवणाची वेळ. स्थळ: अकोला, जठारपेठ, दादाचं घर, मागची जेवणाची खोली. हजर: आई, दादा, वहिनी, पुतणी आणि मी. गैरहजर: माझे यजमान, कारण अमरावतीच्या घराला कुलूप लावून दोघांनी निघणं आम्हाला सहसा जमत नाही. विषय एकच: मुगाची खिचडी.

अशी सुरुवात करायची मला सवय आहे. अमरावतीत मुलींच्या एका वसतिगृहाची व्यवस्था मी पाहते. कोणत्या वारी कोणती भाजी, कोणाचा कोणता उपास, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, हे सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. माझ्या मेसमध्ये गॅस अचानक संपत नाही आणि वरणात मीठ राहून जात नाही. त्यामुळे त्या रविवारी स्वयंपाकाआधी दादा वहिनीला म्हणाला, "आज हिच्याकडून नीट शिकून घे," तेव्हा ते कोणालाच वावगं वाटलं नाही. शिकायचं होतं वहिनीला, आणि मला जी शिकवायची होती ती खिचडी मी कधी केलीच नव्हती.

हे कसं झालं ते क्रमाने सांगते.

आमचं घर वैद्यांचं. बाबा वैद्य होते, आता दादा आहे. घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना, मागे आम्ही. दवाखान्याच्या भिंतीवर बाबांनी रंगवून घेतलेली एक पाटी अजून आहे. वर मोठ्या अक्षरात 'दुधासोबत वर्ज्य', आणि खाली ओळीने: मीठ, लसूण, मुळा, मासे, आंबट फळे. वाचायला शिकले तेव्हा शाळेच्या पुस्तकाआधी मी ती पाटी वाचली असेन. दुधात मिठाचा खडा पडला तर अंगावर कोड उठतं, असं आम्हाला लहानपणी सांगितलेलं होतं. जेवताना दुधाची वाटी ताटाच्या बाहेर, वेगळी ठेवायची. आधी तिखटाचं सगळं संपवायचं, चूळ भरायची, आणि मग दूध. असा आमचा रिवाज होता आणि तो आई काटेकोरपणे पाळायची, पाळून घ्यायची.

आणि हीच आई दर उन्हाळ्यात माझ्याकडे अमरावतीला राहायला आली, की दुपारी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर स्वयंपाकघराची खिडकी लोटून घ्यायची आणि विचारायची, "सकाळची भाकर उरली का गं?"

ज्वारीची भाकर कुस्करायची. कडक झालेल्या पदराचे तुकडे तसेच मोठे राहू द्यायचे. त्यावर गरम दूध. दूध मुरलं, की हिरव्या मिरचीचा, भरपूर लसणाचा, मीठ जरा जास्तच असलेला ठेचा त्यात कालवायचा. दुधाला हिरवट रंग येतो. दिसायला ते काही चांगलं दिसत नाही, हे मी मान्य करते. वरून बुक्कीने फोडलेला कच्चा कांदा. पहिल्या घासाला जिभेला काय चाललंय ते कळत नाही. दुधाचा गोडवा आधी येतो, त्याच्या मागून लसूण, आणि मिरची अगदी शेवटी, कानापर्यंत. मग दुसरा घास घेतल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्यांदा मी आईला नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी तिच्या वाटीतला एक घास मागितला. त्यानंतर आमच्या दोन वाट्या होऊ लागल्या. पुढे पुढे ती अकोल्याला परत गेली तरी माझी एक वाटी चालू राहिली. माझ्या यजमानांना अजून हे माहीत नाही. ते स्वतः चिवड्यावर दही आणि साखर घालून खातात, उघडपणे खातात, आणि मी त्यांना हसते. वसतिगृहातल्या मुली पोळीत गुलाबजाम आणि मिरचीचं लोणचं गुंडाळून खातात, एक दर्यापूरकडची मुलगी पिठल्याशी जिलबी खाते, आणि मी खोली तपासायला गेले की सगळ्यांदेखत म्हणते, "काय बाई तुमच्या एकेकीच्या जिभा!" त्या हसतात. मीही हसते. घरी जाऊन भाकर कुस्करते.

आईने हे कुठून आणलं, हे मला तिनेच एकदा सांगितलं होतं. ही गोष्ट लिहिणं मला सगळ्यात जड जातंय.

वहिनी बार्शीटाकळीकडची, शेतीवाल्या घरची. लग्न होऊन आली तेव्हा नवी नवरी, दुपारी एकटीच मागच्या ओट्यावर बसून काहीतरी खात होती. आईने पाहिलं: दूध, भाकर, ठेचा. तिने वहिनीच्या हातातली वाटी काढून घेतली. "हे वैद्याचं घर आहे. असलं माहेरी खायचं," असं म्हणाली. वहिनी उठून हात धुवायला गेली. आई वाटी रिकामी करायला मोरीपाशी गेली. "वास आला गं," आई मला म्हणाली होती. "म्हटलं, एक घास खाऊन तर पाहावा. आणि उभ्याउभ्या सगळी वाटी संपवली."

मी तेव्हा खूप हसले होते. आईही हसली होती, पण लगेच म्हणाली, "तिला सांगू नको हो कधी." मी म्हटलं, नाही सांगणार.

यंदा पौषात आईला ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. समोर आणलेलं ताट ती हाताने हळूच मागे सारायची. वहिनीने पेज केली, साळीच्या लाह्या केल्या, ताकातली भाजी केली, शेवयांची खीर केली. आई घास घ्यायची आणि तोंडातल्या तोंडात फिरवत बसायची. दादा नाडी पाहून म्हणायचा, "रोग नाही आता. अन्न जायला पाहिजे. अन्न गेलं नाही तर आई उठणार नाही." बोलताना त्याचा आवाज वैद्याचा नसायचा, मुलाचा असायचा. मी अमरावतीहून फोनवर सूचना देत होते. सकाळी काय, दुपारी काय, कशानंतर किती वेळाने काय, सगळं आखून दिलं. काही उपयोग झाला नाही. मग रजा टाकून मी स्वतः गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आणि पुतणी शेजारी हळदीकुंकवाला गेल्या. दादा पुढे दवाखान्यात होता. मी आईजवळ बसले. तिचे हात पाहवत नव्हते, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी कानाशी जाऊन विचारलं, "भाकर कुस्करू?"

तिने डोळे उघडले. "इथे?"

"वहिनी बाहेर गेल्यात."

तिने दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिच्यासमोर कोणत्या तोंडाने मागू? लवकर कर."

सकाळची भाकर डब्यात होती. वहिनीच्याच हातची. दूध तापवलं, मिरची आईला सोसेल एवढीच घेतली, आणि ठेचा कुटताना दवाखान्यात आवाज जाऊ नये म्हणून खलाखाली टॉवेलची घडी ठेवली. पन्नाशी उलटलेली बाई मी, आईच्या घरात चोरासारखी मिरची कुटत होते. आई उशीला टेकून बसली आणि तिने अर्धी वाटी खाल्ली. मग वाटी माझ्याकडे न देता मांडीवर ठेवली, थोडं थांबली आणि उरलेली खाल्ली. तिच्या कपाळावर घाम आला. ओठांना रंग आला.

मी वाटी विसळून पालथी घालते न घालते तोच दादा आत आला. पालथी वाटी, आईचा चेहरा, सगळं त्याने एका नजरेत पाहिलं. "खाल्लं? काय खाल्लं?"

तेव्हा मी सांगायला हवं होतं. आईने माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हटलं, "खिचडी. मुगाची."

"लसणाचा वास येतोय."

"वरून लसणाची फोडणी दिली."

"बघ!" दादा एवढा मोठा झाला, पण आनंद झाला की अजून हातावर हात आपटतो. "बाबा म्हणायचेच, मुगासारखं पथ्य नाही. आणि फोडणी लसणाची! बरोबर सुचलं तुला. अग्नी जागवला पाहिजे ना."

आईने डोळे मिटून घेतले. झोप आली असं दाखवत होती.

मी आणखी एकदोन दिवस राहिले. वहिनी बाहेर गेली की वाटी व्हायची, आणि संध्याकाळी खिचडीचं कौतुक व्हायचं. मग रजा संपली, मी अमरावतीला आले, आणि मागे अकोल्यात वहिनीने खिचडी चढवली.

पहिल्याच दिवशी तिचा फोन आला. "ताई, मूग भाजून घेता का धुऊनच टाकता?"

मी म्हटलं, आधी कोरडे भाजा. नंतर धुवा.

"पाणी?"

पाणीही सांगितलं. फोडणी तुपात की तेलात, लसूण ठेचलेला की चिरलेला, हिंग कधी, मीठ कधी, कुकरला की उघड्या पातेल्यात, सगळं सांगितलं. एवढ्यावर मी थांबले नाही. संध्याकाळी पायऱ्या क्रमाने लिहून तिच्या मोबाइलवर पाठवल्या, नीट, जशा मेसच्या बाईला पाठवते तशा. जी खिचडी मी केलीच नव्हती तिचं प्रमाण इतक्या स्वच्छ भाषेत लिहिताना माझा हात अडखळला नाही, हे मला अजून खुपतं. उत्तरात तिने हात जोडल्याची खूण पाठवली.

आईने ती खिचडी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुन्हा फोन. "तांदूळ जुना घ्यावा लागते का?" मी म्हटलं, हो, जुना बरा. "मंग तसाच घेतला होता." मग म्हणाली, "माझ्याच हातचं काही होऊन राहिलं असंन."

मग एका संध्याकाळी पुतणीचा फोन. कॉलेजात जाणारी पोर, ती आडपडदा ठेवत नाही. "आत्या, तू येऊन जा ना. आजी परत काही खात नाहीये. आणि बाबा मम्मीला म्हणाले, तुझ्या हातात ते नाही, तिच्या हातात आहे.  मम्मी मूग निवडत रडत होती, मी पाहिलं."

मी म्हटलं, "येते रविवारी."

तर तो हा रविवार.

मी ओट्यापाशी, वहिनी शेजारी. ती पदर खोचून, अगदी लक्ष देऊन पाहत होती. मी मूग भाजले, धुतले, तांदूळ धुतला. तिने मध्येच हळू आवाजात विचारलं, "एवढेच भाजायचे? मी पण एवढेच भाजते." मी मान हलवली. दादा बाहेरून ओरडला, "वास सुटला!" पुतणी म्हणाली, "बाबा, अजून तर कुकर पण नाही लावला."  वहिनी माझ्याकडून शिकत होती, आणि मी तिला मी फोनवर सांगितलेलंच सगळं करून दाखवत होते, कारण दुसरं करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच.

आईला दादाने धरून टेबलापाशी आणून बसवलं. कित्येक आठवड्यांनी ती सगळ्यांमध्ये जेवायला बसत होती. ताटलीत वाफाळती खिचडी, वर लसणाची फोडणी. आईने ताटली पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं.

तिने घास घेतला. फिरवला. गिळला. गळ्याची शीर वर आली. दुसरा घास घेतला. दादा म्हणाला, "पाहिलं? पाहिलं?" आईने तिसरा घास घेतला आणि डोळ्यांत आलेलं पाणी हाताच्या पाठीने पुसलं. "गरम आहे," म्हणाली. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून माझी आजारी आई न जाणारं अन्न घशाखाली ढकलत होती. मी तिथेच बसून ते पाहत होते आणि माझ्या ताटातलं जेवत होते.

"आता सांग," दादा वहिनीला म्हणाला, "तुझ्यात आणि हिच्यात काय फरक आहे?"

"बाबा, पुरे," पुतणी म्हणाली.

वहिनीने कुकर उचलला आणि ती मागे गेली.

मी आईकडे पाहिलं. तिने चमचा खाली ठेवला होता.  नको असंही म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. मी उठून वहिनीच्या मागे गेले.

मागच्या अंगणात नळापाशी ती कुकर घासत होती. भांडेवाली बाई तासाभरात येणार होती, तरी घासत होती.

"वहिनी, राहू द्या ते."

"भांडं आहे ताई, सोनं नाही. घासू द्या." तिचा आवाज सरळ होता. "तुमी सांगतलं तसंच करत होती मी. आज डोळ्यानं पाहलं. एक गोठ वेगळी नाही. मंग काहून नाही खात त्या माझ्या हातचं? मी काय वाईट केलं त्यायचं?"

"तुम्ही काही केलं नाही. मी ती खिचडी केलीच नव्हती."

तिचा हात थांबला नाही. "म्हणजे?"

"त्या दिवशी आईने खिचडी खाल्ली नव्हती. दूध-भाकर खाल्ली होती. ठेचा घालून."

आता हात थांबला. नळ चालू होता, तो मीच बंद केला.

"दुधात?"

"हो."

"लसणाचा?"

"हो."

"अन् कांदा?"

"फोडलेला."

ती खाली, कुकरच्या काळ्या बुडाकडे पाहत राहिली. "आमच्या वावरात आमी असंच खात होतो," म्हणाली. "बापाच्या मांडीवर बसून. इथं आली तर आईनं माझ्या हातातली वाटी घेतली होती."

मी म्हटलं, "मला माहीत आहे."

हे बोलायला नको होतं, किंवा हेच बोलायला हवं होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही. तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "तुमाले माहीत आहे? कवापासून?"

"बरीच वर्षं झाली."

"आई खातात ते?"

"माझ्याकडे आली की खाते. आम्ही दोघी खातो."

"माय माय," वहिनी म्हणाली. हसेल असं वाटलं, पण हसली नाही. "म्हणजे माझ्या माहेरची वाटी अमरावतीले चालते, अन् अकोल्यात मी मूग भाजून राहिली. अन् तुमी मले फोनवर पाणी मोजून सांगून राहिल्या होत्या, ताई. नंबर टाकून."

 मी 'माफ करा' म्हटलं, पण ते शब्द तोंडातून निघताच किती तोकडे आहेत ते कळलं. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि आत गेली. मीही गेले. दुसरं कुठे जाणार?

तिने डब्यातून सकाळची भाकर काढली. दूध ठेवलं. मिरच्या तव्यावर टाकल्या, लसूण सोलला, आणि खल थेट दगडी ओट्यावर ठेवून कुटायला लागली. टॉवेल नाही, काही नाही. घरभर आवाज घुमला. पुढे दवाखान्यात कोणी तरी आलं होतं, दादा तिथून ओरडला, "काय कुटून राहिली गं?"

"ठेचा!" वहिनी ओरडली.

"आईला देऊ नको हो. खिचडीवर तिखट नको!"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "त्यायले तुमी सांगायचं," हळू आवाजात म्हणाली. "मी नाही सांगणार. मी या घरात आता काहीच सांगणार नाही."

आई पलंगावर जाऊन पडली होती. वहिनीने वाटी तिच्यासमोर धरली तेव्हा आईने वाटीतला हिरवट रंग पाहिला, आणि तोंड भिंतीकडे केलं. मी दारात उभी होते.  मला वाटलं, आता ही कधीच जेवणार नाही, आणि तेही माझ्यामुळे.

"आई, दूध मुरून जाईन," वहिनी म्हणाली. "मंग त्याचा लगदा होते. चांगला नाही लागत."

आई हळूहळू वळली. वहिनीकडे तिने पाहिलं नाही. वाटीकडे पाहत म्हणाली, "कांदा फोडला का?"

"फोडला."

आईने वाटी घेतली. पहिला घास खाल्ल्यावर ती थांबली, मग पुढे खात राहिली. मध्येच वाटी वहिनीच्या पुढे केली आणि म्हणाली, "तू घे." एवढंच म्हणाली. एवढ्या वर्षांत आईने माफी मागितलेली मी पाहिलेली नाही. तिच्या मापाने हे फार होतं.

वहिनीने बोटांनी एक घास उचलला. चावला. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तिने गिळलं, आणि जरा आश्चर्याने, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मले आता नाही लागत चांगलं. सवय मोडली." आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, आणि म्हणूनच मला ते ऐकवेना. "तुमी खा आई. संपवा."

आईने संपवलं. रिकामी वाटी घेऊन वहिनी माझ्या जवळून गेली तेव्हा मी हात पुढे केला, वाटी मी विसळते म्हणून. तिने ती माझ्या हातात दिली नाही.

संध्याकाळच्या बसने मी परतले. मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होते. मला आठवत होतं, की आईने ही गोष्ट सांगितली तेव्हा मी हसले होते. वाटी जिच्या हातातून गेली ती वहिनी पुढे काय जेवली असेल, हे तेव्हा माझ्या मनात आलंच नव्हतं. माझ्या मेसमध्ये एखादी मुलगी ताट टाकून उठली, तर मी तिच्या मागे जाऊन चौकशी करते.

आता आई बरी आहे. अंगणात फेऱ्या मारते, तुळशीला पाणी घालते, पुतणीच्या मोबाइलवर भजनं ऐकते. दादा दवाखान्यात बसला, की वहिनी तिला वाटी करून देते. एकच वाटी. पुतणीने आजीच्या वाटीतला घास खाऊन पाहिला आणि बिनधास्त मैत्रिणींना त्याचा फोटो पाठवला. आईने फोटोत हात येऊ नये म्हणून हात मागे घेतला, असं पुतणी मला हसत सांगत होती.

माझी वाटी मात्र बंद आहे. शपथ वगैरे घेतलेली नाही. एकदा भाकर कुस्करायला घेतली, आणि वहिनीचं 'नाही लागत चांगलं' आठवलं. ती भाकर गाईला घातली.

दादाचा समज मात्र अजून तोच आहे. आई खिचडीनेच उठली, आणि त्या रविवारी वहिनी माझ्याकडून खिचडी शिकली. "शेवटी जमली तिला," असं तो मला फोनवर म्हणाला. वहिनी मागेच होती. तिने ऐकलं असणार. ती फोनवर आली की आईची तब्येत सांगते, पुतणीच्या परीक्षेचं सांगते, आणि फोन ठेवण्याआधी एकच विचारते, "सांगतलं का ताई?" मी म्हणते, पुढच्या वेळी आले की समोर बसून सांगते. त्यानंतर माझी एक फेरी झाली. दादाच्या समोर बसलेही. भिंतीवर बाबांची पाटी होती, दादा चहा पीत होता, आणि मी त्याच्याशी दवाखान्याच्या रंगकामाबद्दल बोलून उठले.

काल त्याचा निरोप आला. त्याच्या एका रुग्णाच्या बायकोला आमची ती लसणाच्या फोडणीची खिचडी करून पाहायची आहे, तिच्या सासूला अन्न जात नाही. प्रमाण पाठव, तू फार छान लिहितेस, असं त्याने कळवलंय. ते प्रमाण माझ्या मोबाइलवर तयार आहे, वहिनीला पाठवलं होतं तेच. मी ते पाठवलेलं नाही. दादाला फोनही केलेला नाही.